चंद्राक्काचे हात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. डोंगराखालच्या खैरोलीत तेव्हा ना सडक होती, ना दवाखाना. होती एक हाडवैदीण. चंद्राक्का तिचं नाव. कुणाचा हात मोडो, कुणाचा खांदा निखळो, आक्का नुसती बोटं फिरवायची आणि कुठं तुटलंय ते कातडीखालचं हाडच तिच्या कानात सांगायचं. असं म्हणतात.

विद्या तिच्या बापाची, पण ती तिनं घेतली धाकट्या भावापायी. लिंगू लहानपणी जांभळाच्या झाडावरून पडला. आक्कानंच त्याला वर चढवलं होतं. बाप परगावी गेलेला. तो येईपर्यंत लिंगूचा पाय वाकडा सांधला, तो कायमचाच. तेव्हा पोरीनं ठरवलं, आपल्या दारात आलेलं माणूस लंगडत परत जाता कामा नये. पुढं लिंगू दोन डोंगर पलीकडे राहायला गेला. आक्का त्याच्या घरी कधी गेली नाही. त्याचं चालणं तिला बघवायचं नाही.

आता एवढी गुणाची बाई गावात आहे म्हटल्यावर लोकांनी तिला जपावं की नाही? छे! हाडं मोडलेले येत ते येतच, पण कुणी म्हणे, "आक्का, कोंबडीचं तंगडं दुखावलंय, बघ की." कुणी नांगराचं मोडकं रुमणं घेऊन यायचा. एकजण तर म्हणाला, "भावाभावांचं मोडलंय, तेवढं जोडून दे." आक्का शिव्या घालायची आणि शिव्या घालत घालत सगळ्यांचं बघायची. नवरा लवकर वारलेला, मुलगा मेंढरांमागं बाराही महिने फिरतीवर. घरात सून, सगुणा. ती आक्काचं ताट वाढून वाट बघत बसायची आणि शेवटी ताटावर ताट झाकून उठायची.

अशी वर्षं गेली. एके दिवशी आक्कानं एका गुराख्याचं मनगट हातात घेतलं आणि तिला काहीच ऐकू येईना. हाड गप्प. बोटं गार पडलेली, नदीतल्या गोट्यांसारखी. तिनं हाडाला बांधायच्या बांबूच्या कामट्या उचलल्या आणि अंगणात भिरकावल्या.

"जावा! माझ्याच्यानं होत नाही आता!"

आणि भिंतीकडं तोंड करून ती जी निजली ती निजलीच.

गाव अंगणात येऊन बसलं. पाटील म्हणाले, "आक्का, असं कसं चालंल? माझ्या गुडघ्याचं काय?" कुणी म्हणालं, "माज आलाय." चार दिवस हेच. बाई, तुला काय होतंय, असं एकानं तरी विचारावं? नाही विचारलं. सांगताना अजून डोकं फिरतं माझं.

सगुणानं लिंगूला निरोप धाडला. वाकड्या पायानं दोन डोंगर ओलांडून तो आला, गर्दीतून वाट काढत आत गेला आणि बहिणीजवळ बसला.

"जेवलीस का गं, आक्का?"

चार दिवस तिच्या पोटात अन्न नव्हतं. सगुणानं दुधात भाकरी कुस्करली. लिंगूनं घास भरवला. तिसऱ्या घासाला आक्का रडायला लागली.

"तुझा पाय तेवढा राहिला रे. हजार सरळ केले, तरी डोळ्यांपुढं तोच वाकडा."

लिंगू भडकला. "ह्याच पायानं तीनशे मेंढरं राखली मी. ह्याच पायावर लेकरं झोपवली. तू एकदा तरी बघायला आलीस? तुला भाऊ हवा होता, का भावाचा पाय?"

"आणि मी?" सगुणाही बोलली. तिलाही पुरे झालं होतं. "चौदा वर्षं झाली ह्या घरात. पाणी तापव, तेल आण, ह्यापुढं एक शब्द नाही. मला शिकवलं असतंत तर निम्मी माणसं मी बघितली असती."

आक्का उठून बसली. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, हे माझं एकटीचंच आहे."

"कुणी सांगितलं तुला?" लिंगू म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून लिंगू काठी घेऊन दारात बसला. "ज्याचं मोडलंय त्यानं आत. बाकीच्यांनी घरला." पाटलांचा गुडघाही घरी गेला. आत सगुणा आक्काच्या देखरेखीखाली पट्ट्या बांधायला शिकू लागली.

आठवडा झाला नसेल, तोच देवळाचं शिखर बांधायला उभारलेली परांची कोसळली. एकवीस माणसं खाली आली. आक्का धावली, पण बोटं अजून गारच. सगुणानं आपले हात जखमी माणसावर ठेवले आणि म्हणाली, "तुमचे माझ्यावर ठेवा." चार हात एकाच वेळी फिरू लागले. लिंगू कामट्या तासून देत होता. सातव्या माणसाला आक्काची बोटं ऊन झाली, आणि सगुणा एकदम दचकली. हाड तिलाही ऐकू आलं! असं म्हणतात, की एकविसाव्या माणसाची शेवटची गाठ बसेपर्यंत दिवस डोंगराच्या खांद्यावर टेकून राहिला, मावळला नाही. आणि त्या एकविसांतला एकही लंगडला नाही.

आक्का पुढं पुष्कळ जगली. सुगी संपली की दरवर्षी महिनाभर भावाकडे जाऊन राहायची. निघताना चावडीपुढं उभी राहून ओरडायची, "महिनाभर कुणी पडायचं नाही! आणि पडलात, तर सगुणाला जेवू देऊन मग हाक मारा!" त्या महिन्यात खैरोलीत खरंच कुणी पडायचं नाही म्हणे. म्हातारेसुद्धा जपून पावलं टाकायचे.

ती ज्या दिवशी निघायची, त्या दिवशी खैरोलीत अजून आक्काचा दिवस पाळतात. गावाचं दुखणंखुपणं बघणारं जे कुणी असेल, त्याला त्या दिवशी आधी जेवू घालायचं, तोवर त्याच्याकडे काही मागायचं नाही. हल्ली उपकेंद्रात नर्सबाई आहेत. आल्या त्या वर्षी आक्काच्या दिवशी दारात एवढी माणसं बघून त्या घाबरल्या, साथ आली वाटतं म्हणून औषधांचं कपाट उघडायला धावल्या. लोकांनी त्यांना हाताला धरून बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं. बाईंचं जेवण होईपर्यंत कुणी आपल्या दुखण्याचा शब्द काढला नाही.