दामूच्या खुंटीवरची करवंटी

माडवेळच्या खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते मला विचारू नका. माझ्या आज्यालासुद्धा ती ऐकूनच ठाऊक होती.

जिथे होडी लागायची, तिथेच दामू किराचा माडीचा गुत्ता होता. दामू माडावर चढून माडी काढायचा आणि त्याची बायको सगुणा ती वाढायची. तिथे पेले नव्हते. रोज येणाऱ्या प्रत्येकाची आपली करवंटी असे, भिंतीवर आपल्या खुंटीला टांगलेली. दामूच्या करवंटीच्या काठाला कोयत्याची खाच होती. माणूस मेला की तेराव्या दिवशी गुत्तेवाल्याने त्याची करवंटी उतरवायची, माडीने भरून ओहोटीत सोडायची आणि म्हणायचं, "तुझी पाळी संपली. आता घराक जा." दुसऱ्या कुणाचा हात लागून चालत नसे.

एका चैत्रात दामू पलीकडच्या माडांवरची माडी आणायला गेला. होडी परत आली, पण उलटी. दामू आलाच नाही.

तेराव्याला गाव जमलं. करवंटी उतरवणारी आता सगुणाच. ती खुंटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी ती खाडीत सोडूक उतरवलंय, तर तो खरोखरच मेलो. मी उतरवूचंय नाय." लोक खाली मान घालून परतले.

त्या दिवसापासून दिवेलागणीला ती दामूची करवंटी भरून त्याच्या बसायच्या बाकावर ठेवू लागली आणि सकाळी धुऊन पुन्हा त्याच्याच खुंटीला लावू लागली. काही दिवस माडी तशीच राहिली. मग एकदा ती दिवा लावून वळते तो काय, करवंटी रिकामी, आणि दारापासून बाकापर्यंत ओली पावलं. सगळी आत येणारी. बाहेर जाणारं एकही नव्हतं, असं म्हणतात.

सगुणा घाबरली असेल, असं वाटतं ना तुम्हाला? छे हो, ती हरखली! नवरा घरी आला म्हणून कुठली बाई घाबरते? घाबरलं ते गाव. रोज येणारा म्हातारा भिकू त्या बाकावर हात टेकायला गेला, तर हाताला गार गुडघा लागला. त्याने गुत्त्याची वाटच सोडली. हळूहळू सगळेच पांगले.

इकडे करवंटीची तहान वाढत चालली. एकदा भरून पुरेना, मग दोनदा, मग अख्खं मडकं. पावलं मात्र विरत गेली. आधी बोटं गेली, मग चवडे, आणि शेवटी नुसत्या टाचा उमटू लागल्या. तेव्हा तो पितोय, पण ती माडी त्याला पोचत नाहीये, हे सगुणाला कळलं. रिकाम्या बाकाकडे बघत तिने विचारलं, तुला हवंय तरी काय?

बाकावरून आवाज आला, असं म्हणतात. "सगुणा, माका सोड गो."

दुसऱ्या दिवशी तिने करवंटी उतरवली आणि ओहोटीत सोडली. पण ते शब्द काही तिच्या तोंडून निघेनात. करवंटी फिरून तिच्या पायाशी आली. पुन्हा सोडली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा ती पाण्यात बसून ओक्साबोक्शी रडली आणि रडत रडतच म्हणाली, "तुझी पाळी संपली. आता घराक जा." करवंटी वाऱ्याच्या उलट, सरळ समुद्राकडे गेली.

गिऱ्हाइकं परत आली. पुढे चाळीस वर्षं सगुणाने एकटीने गुत्ता चालवला. दामूची खुंटी मात्र तिने कुणाला दिली नाही.

मग तीही गेली. तेराव्याला लोक अडले. आयुष्यभर तिने वाढलं, कधी प्यायली नाही. तिची करवंटीच नव्हती. आता सोडायचं काय? तेवढ्यात भिकूच्या नातीचं भिंतीकडे लक्ष गेलं. दामूच्या खुंटीला करवंटी टांगलेली होती. तिच्यातून खारं पाणी ठिबकत होतं, अंगावर कालवं चिकटली होती आणि काठाला कोयत्याची खाच होती.

गुत्तेवाला कुणी उरला नव्हता, म्हणून सगळ्या गावाने त्या करवंटीला हात लावला आणि ती माडीने भरून ओहोटीत सोडली.

आज तिथे पंक्चर काढायचं दुकान आहे. तरी माडवेळात कुणीही मरो, पिणारा असो वा नसो, तेराव्याला लोक करवंटी घेऊन खाडीवर उतरतात. माडीची पहिली धार सगुणाच्या नावाने सोडतात. ते शब्द आता गुत्तेवाला म्हणत नाही. ज्याचं माणूस गेलं, त्यानेच म्हणायचे. त्याच्या तोंडून ते निघाले नाहीत, तर करवंटी परत येते, असं म्हणतात. तेव्हा त्याला कुणी घाई करत नाही. सगळं गाव काठावर बसून राहतं, पुढच्या ओहोटीपर्यंत.