गप्प राहणारं घड्याळ

एकदा एक घड्याळांचा व्यापारी गोल्फच्या मैदानावर आला आणि हेरंब नावाच्या शिष्यापुढे त्याने दोन खोकी उघडून ठेवली.

घाटमाथ्यावरच्या लहानशा गावातलं ते मैदान. तिथे एक वृद्ध गुरू गोल्फ शिकवत, आणि सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. मास्तरांचे गुडघे आता चढ मानेनासे झाले होते. त्यांच्या जागी हेरंबला नेमावं असं समितीच्या मनात होतं, पण आधी येत्या रविवारी त्याने समितीसमोर अख्खा खेळ खेळून दाखवायचा होता. जमला तर नोकरी पक्की आणि संसाराला बूड. नाही जमला तर शहरातून दुसरा माणूस येणार होता, हेही समितीने त्याला तोंडावर सांगितलं होतं.

व्यापारी हिशेबी होता, पण वाईट नव्हता. म्हणाला, "हेरंबभाऊ, यातलं एक घ्या. माझी भेट. उद्या तुम्ही मास्तर झालात की तुमच्या मनगटावर जे दिसेल तेच शिकणारी मंडळी माझ्या दुकानात मागतील. माझाही स्वार्थ आहे, लपवत नाही."

"दोघांत फरक काय, शेठ?"

"हे पहिलं फक्त गोल्फ जाणतं. तुम्ही उभे आहात तिथून ग्रीनची, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीची, अलीकडची कड किती लांब, पलीकडची किती, पाणी कुठे, वाळूचा खड्डा कुठे, सगळं दाखवतं. भर उन्हात आकडे स्वच्छ. एकदा चार्ज केलं की कितीतरी दिवस बघायला नको. फोन नाही, मेसेज नाही. मुकं जनावर."

"आणि दुसरं?"

"दुसरं सगळ्या घरादाराचं. फोन घेतं, मेसेज दाखवतं, नाडी मोजतं, झोप मोजतं, दुकानात पैसे भरतं, तुम्ही पडलात तर घरी कळवतं. गोल्फही सांगतं हो, नाही असं नाही. पण दिवसभर सगळ्यांचं ऐकून संध्याकाळी मान टाकतं. उगाच खोटं कशाला बोलू."

हेरंबने मनात पहिलं घड्याळ उचललंच होतं. त्याच्या हातावर जे जुनं होतं ते दुसऱ्या जातीचं, आणि त्याने मागच्या स्पर्धेत त्याचा घात केला होता. शेवटचा होल. बॉल अगदी जवळ, नुसता ढकलायचा. सगळं मैदान श्वास रोखून उभं, कारण ग्रीनवर खेळणारा वाकला की कुणी खोकायचंसुद्धा नाही, असा तिथला रिवाज. हेरंबने काठी हलवली आणि मनगट थरथरलं. सिलिंडरवाल्याला ओटीपी हवा होता. बॉल होलच्या काठावरून फिरला आणि बाहेर थांबला. हेरंब ते विसरला नव्हता.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. वृंदा भाकरी थापत होती. म्हणाली, "घ्या की ते मुकं. पण तुमचं घड्याळ मुकं झालं म्हणून सिलिंडरवाला मुका होणार आहे का?"

"तू बघशील ना."

"बघतेच आहे. शाळेत नंबर तुमचा, गॅसला नंबर तुमचा, आईंच्या डॉक्टरांकडे नंबर तुमचा. कर्ते ना तुम्ही! फोन तुम्हाला येतो, तुम्ही म्हणता वृंदाला लावा, आणि मग तो मला येतो. एवढाच फेरा."

हेरंब हसला. त्याला ती थट्टा वाटली.

मग वृंदाने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "शनिवारी माझी रांगोळी आहे. नाट्यगृहाच्या दालनात. लक्षात आहे ना?"

वृंदा माणसांचे चेहरे रांगोळीत काढायची. असे, की पाहणाऱ्याला वाटावं, आता हा बोलेल. यंदा तिला स्वतःच्या आईचा चेहरा काढायचा होता. गेल्या वर्षीही तोच घेतला होता. डोळ्यापर्यंत आली आणि फोन वाजला म्हणून उठली. परत बसली तेव्हा चिमटीतली लय गेली होती. डोळा काही केल्या जमेना. ती चेहरा तसाच आंधळा ठेवून घरी आली.

हेरंबला आठवलं. पण त्याला रविवारही आठवला. "शनिवारी शेवटचा सराव आहे गं. आपल्या जुईची शाळा अर्धा दिवस, आईच्या पायाला शेक द्यायचा असतो. यंदा राहू दे ना. रांगोळी काय, दरवर्षी असते."

वृंदा म्हणाली, "बरं."

बायकोच्या या 'बरं'चा आवाज पुष्कळ घरांत पुष्कळांनी ऐकलेला असतो, आणि ऐकून पुष्कळ जण पुढची भाकरी मागतात. हेरंबनेही मागितली.

दुसऱ्या दिवशी तो मास्तरांकडे गेला. "मास्तर, शेठजी एक घड्याळ देताहेत. मी म्हणतो गोल्फचंच घ्यावं. खेळणाऱ्याचं चित्त एका जागी हवं, हे तुम्हीच शिकवलंत."

मास्तर बाकावर बसून गुडघा चोळू लागले. मग म्हणाले, "शेठना म्हणावं, उद्या सकाळपुरती दोन्ही द्या. आणि वृंदाला घेऊन ये."

"ती खेळत नाही, मास्तर."

"ते मला ठाऊक आहे. तू घेऊन ये."

सकाळी मास्तरांनी गोल्फचं घड्याळ हेरंबच्या मनगटावर बांधलं. दुसरं त्याच्या फोनशी जोडून घेतलं, फोन वृंदाच्या पर्समध्ये टाकला आणि ते घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. म्हणाले, "हेरंब, तू खेळ. मागे वळून बघायचं नाही. सूनबाई, तुम्ही माझ्याबरोबर मैदानावरच्या या छोट्या गाडीत बसा. तुम्ही रोज करता तेच करायचं."

हेरंब त्या दिवशी असा खेळला की स्वतःलाच नवल वाटलं. मनगट शांत. नजर खाली गेली की हवा तोच आकडा समोर. पाणी इतकं पुढे, वाळू इतकी डावीकडे, बस. ना कुणाची हाक, ना थरथर. चढावरच्या होलवर त्याचा बॉल हवेत असा तरंगला की पलीकडची माळीण हातातलं खुरपं थांबवून बघत राहिली. दोनदा वाऱ्यावरून वृंदाचा दबका आवाज त्याच्यापर्यंत आला. एकदा चढावरून उतरताना ती गाडीतून उतरून झाडाआड उभी राहिलेली दिसली, घड्याळ तोंडाशी धरलेलं. त्याने मान फिरवली. मास्तरांनीच सांगितलं होतं, बघायचं नाही.

शेवटच्या ग्रीनवर त्याने बॉल ढकलला. बॉल जराही न डगमगता आत गेला.

आता गोल्फचा एक रिवाज आहे. शेवटच्या होलवर खेळ संपला की डोक्यावरची टोपी काढायची आणि खेळलेल्याशी हात मिळवायचा. हरलेला असो, जिंकलेला असो, हा मान त्याचाच. हेरंबने टोपी काढली, हात पुढे केला. मास्तर गाडीतून सावकाश उतरले. त्यांनीही टोपी काढली. मग हेरंबच्या पुढे आलेल्या हाताच्या बाजूने ते सरळ पलीकडे गेले, वृंदासमोर उभे राहिले आणि हात पुढे करून म्हणाले, "वृंदाताई, आज फार उत्तम खेळलात."

हेरंबचा हात तसाच हवेत राहिला. "मास्तर, तिने काठीला हातसुद्धा लावला नाही!"

"खरं आहे."

"मग खेळलं कोण?"

मास्तर वृंदाकडे वळले. "सांगा त्याला. पहिल्यापासून सांगा."

वृंदा आधी नको म्हणाली. मग म्हणाली, "आईंचा चष्मा सापडत नव्हता, तो देव्हाऱ्यात निघाला. पाण्याचा टँकर चुकून मागच्या गल्लीत गेला, त्याला वळवला. तुमच्या मावसभावाच्या लग्नाचं आमंत्रण आलं, सगळ्यांनी यायचंय. आणि," ती जरा थांबली, "शाळेतून फोन होता. जुई झोक्यावरून पडली. हनुवटी फुटली."

"काय?"

"आता बरी आहे. शेजारच्या मंजिरीवहिनी शाळेच्या अगदी समोर कामाला असतात, त्यांना पळवलं. टाके पडले. टाके पडेपर्यंत मी तिच्याशी बोलत होते फोनवर, त्या झाडाखाली. रडली, मग आइस्क्रीम मागितलं, तेव्हा कळलं ठीक आहे."

हेरंबच्या हातून टोपी पडली. "आणि मला सांगितलं नाहीस?"

वृंदाने त्याच्याकडे थेट पाहिलं. "सांगितलं असतं तर तो बॉल आत गेला असता का?"

वृंदाच्या मनगटावरचं घड्याळ तेवढ्यात थरथरलं, आणि तिने खाली बघितलं. "म्हणतंय, बराच वेळ बसून आहात, जरा उभ्या राहा." ती उभीच होती. हसली, पण ते हसणं फार टिकलं नाही. डोळे भरून आले, तसे तिने ते पदराने टिपले, चिडून, जणू त्यांचाच अपराध होता.

मास्तर खाली वाकले, टोपी उचलून हेरंबच्या हातात दिली आणि म्हणाले, "बाळ, तुझं घड्याळ आज एकच गोष्ट जाणत होतं. फार चांगली जाणत होतं. त्यात दोष नाही. पण जग काही तेवढ्यापुरतं थांबलं नाही. जे तुझ्या मनगटावर वाजलं नाही, ते तिच्या मनगटावर वाजलं. ज्याला एकाग्र होता येतं, त्याच्या मागे कुणीतरी विखुरलेलं असतं. मीही उभा जन्म एकाग्रच होतो. माझी बायको गेली, त्यानंतर मला कळलं, आमच्या घरात फोन किती वेळा वाजतो ते. तेव्हा हात मिळवायला समोर ती नव्हती. म्हणून आज तुझ्या बायकोशी मिळवला."

हेरंबने मनगटावरचं घड्याळ सोडलं. मग त्याने हळूच विचारलं, "मग कोणतं घ्यावं, मास्तर?"

"ते शेठला विचार. मी घड्याळं विकत नाही." आणि गुडघ्यावर हात ठेवत म्हातारा गाडीत जाऊन बसला.

दवाखान्यातून लेकीला घरी आणल्यावर हेरंब व्यापाऱ्याच्या दुकानात गेला. म्हणाला, "शेठ, सगळ्या घरादाराचं ते द्या."

व्यापारी कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "अहो, गोल्फच्या होणाऱ्या मास्तरानेच गोल्फचं घड्याळ नाकारलं, तर मी ते विकायचं कुणाला?"

"ते चांगलंच आहे, शेठ. मी लोकांना तसंच सांगेन. फक्त मला ते आत्ता शोभत नाही."

शनिवारी मैदानावर सरावाला कुणी गेलं नाही. सकाळी हेरंबने वृंदाला नाट्यगृहाच्या दारात सोडलं आणि हात पुढे केला. "तुझा फोन दे."

"कशाला?"

"आज तुझं मनगट मोकळं."

तिने फोन दिला, पण दोनदा मागे वळून बघितलं. भरवसा असा एका दिवसात बसत नाही, आणि बसूही नये.

त्या दिवशी हेरंबला कळलं. आईच्या पायाला शेक देताना पोस्टमन आला. पोस्टमनला सही देईतो दूध उतू गेलं. दूध पुसून झालं तरी शाळेची व्हॅन आली नाही, म्हणून तो जुईला आणायला शाळेत गेला, आणि परतताना रस्त्यात सिलिंडरवाल्याने ओटीपी मागितला. तोच सिलिंडरवाला! हेरंब रस्त्याच्या कडेला उभा राहून एकटाच हसला. जुई हनुवटीवरची पट्टी सावरत म्हणाली, "बाबा, तुम्ही एकटेच काय हसताय?" दुपार टळेपर्यंत जेवायचं राहून गेलं. काम म्हणावं असं एकही मोठं नव्हतं, म्हणूनच तर सांगायला काही उरत नव्हतं. संध्याकाळी घड्याळाने मान टाकली तेव्हा त्याला त्याची कीव आली.

जुईला घेऊन तो दालनात पोचला. वृंदा गुडघ्यांवर बसलेली होती आणि तिच्यासमोर जमिनीवर तिची आई बघत होती. दोन्ही डोळ्यांनी. डाव्या डोळ्यात बारीकसा ओलावा होता, तो फक्त पांढऱ्या रंगाच्या एका चिमटीचा.

वृंदाने वर पाहिलं. "कुणाचे फोन आले?"

"आले. झालं सगळं." हेरंबने डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्या लोकांदेखत हात पुढे केला.

"अहो, हात रंगलेत माझे."

"असू देत."

तिने हात दिला.

रात्री घड्याळ चार्ज करायचं राहून गेलं, म्हणून रविवारी तो रिकाम्या मनगटाने खेळला. एका होलवर अंतराचा अंदाज चुकला आणि बॉल पाण्यात गेला. गोल्फचं घड्याळ असतं तर गेला नसता. ही किंमत होती, ती त्याने मोजली. बाकीचं नजरेने सांभाळलं, आणि समितीने थोडं कुरकुरत का होईना, त्यालाच नेमलं. शेवटच्या ग्रीनवर मास्तरांनी टोपी काढून त्याचा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला. तळव्याच्या रेषांत निळा आणि पांढरा रंग अजून अडकलेला होता. मग मास्तरांनी तो हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवला.

तुमच्या हातावरचं घड्याळ गप्प असेल, तर घरात ते कुणाच्या हातावर वाजतंय, एवढं आज जाऊन बघा.