राणीच्या पापडांवरची सावली

लई जुनी गोष्ट, माझ्या पणजीच्या पणजीलाही ऐकूनच ठाऊक असलेली. नदीच्या अल्याड एक राजा, पल्याड दुसरा. अल्याडच्या राजाचा एक माणूस पल्याडच्या राजधानीत राहायचा. त्याला वकील म्हणायचे. काम एकच, दोन राजांचं भांडण होऊ द्यायचं नाही. भांडण झालं की नावा बंद. आणि वकिलाची एकुलती एक लेक पल्याडच्याच घाटावरच्या गावात दिलेली!

वकील भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. बायको मागेच वारलेली. संध्याकाळी वाटी घेऊन तो शेजारच्या म्हातारीकडे विरजण मागायला जायचा. म्हातारीची सून राजाच्या महालात भांडी घासायची. मग काय, विरजण चमचाभर आणि बातमी वाटीभर.

"वकीलबाबा, आज राजानं ताट सारलं हो. तुमच्या गाड्यांनी त्याच्या हत्तीची वाट अडवली."

सकाळी वकील हात जोडून राजापुढे हजर. भांडण मिटलं. अशी सतरा वर्षं गेली.

मग अल्याडच्या राजाला लाज वाटायला लागली. "माझा वकील भाड्याच्या खोलीत? बांधा मोठी वकिलात! त्यांच्या महालाहून उंच!"

झालं. दगड आले, चुना आला, पाथरवट आले. एक मजला झाला की निरोप यायचा, आणखी एक चढवा. वकिलाचे केस पांढरे झाले. चुन्यानं की वयानं, त्याचं त्यालाच कळेना. सात मजले झाले, सात दरवाजे झाले, गोठ्यात सात म्हशी आल्या. विरजण मागायची गरजच उरली नाही.

वकील सातव्या मजल्यावर बसून राहायचा. गुडघे कुरकुरायचे. खाली जायचं म्हटलं की जीवावर यायचं.

त्या साली वकिलातीची सावली पडली राणीच्या गच्चीवर. गच्चीवर होते पापड. हसू नका! पापड वाळेनात, त्यांना बुरशी आली. राणी रुसली, राजा तापला. सुनेनं हे सांगताच म्हातारी वाटी घेऊन निघाली.

पहिल्याच दरवाज्यावर पहारेकरी. "काय काम, आजी?"

"वकीलबाबाला विरजण द्यायचंय."

"आमच्याकडे सात म्हशी आहेत."

"मेल्या, तुझ्या म्हशी बोलतात का?"

त्यानं तिला हाकललं. ती तीन दिवस येत राहिली. वकिलानं खिडकीतून पाहिलं. खाली मुंगीएवढं कोणीतरी, हातात काहीतरी. चाल ओळखीची वाटली. पण दीडशे पायऱ्या! "उद्या उतरू," तो म्हणाला. तिन्ही दिवस हेच म्हणाला.

चौथ्या दिवशी राजाचे शिपाई आले. "दिवस मावळायच्या आत मुलूख सोडा."

वकील बोचकं घेऊन उतरला, तर दारात म्हातारी. "वरचा एक मजला उतरवतो म्हणाला असतात, तरी भागलं असतं हो," ती म्हणाली. वकिलानं बोचकं खांद्यावर टाकलं आणि घाटाची वाट धरली.

तो अल्याड पोचला आणि नावा बंद झाल्या. राणीचे पापड आता वकिलातीच्याच गच्चीवर वाळतात, छान कडकडीत.

वकील रोज घाटावर बसतो. पल्याड त्याची लेक धुणं धुवायला येते. मुंगीएवढी दिसते. तो हात हलवतो. तिला दिसतो की नाही, कोण जाणे.

म्हणून सांगते, घर इतकं उंच बांधू नये, की दारात आलेलं माणूस मुंगी दिसावं.