खाडीतलं लाकूड

“एकानं तरी विश्वास ठेवला का माझ्यावर? सांगा ना बाबा, एकानं तरी?”

शेवंता आग्रे बसायच्या आधीच बोलायला लागली होती. कांदळीची सरपंच ती. चौथी शिकलेली, पण तिच्यासमोर ग्रामसेवकसुद्धा खुर्चीच्या टोकावर बसायचा.

इब्राहीमबाबा दर्ग्याच्या ओट्यावर सुपारी कातरत होते. चाळीस वर्षं गलबतं बांधलेला माणूस. आता हत्यारं ठेवून बसले होते. अकरा वर्षं शेवंता दर गुरुवारी येई आणि त्यांचं ऐके. आज सोमवार होता.

दरड कोसळून बेघर झालेल्या आठ कुटुंबांना ग्रामपंचायतीनं लाकडाची घरं दिली होती. हट्ट शेवंताचाच. गावच्या रानातली ऐन, किंजळीची झाडं घ्यायची, तोडली तेवढी परत लावायची. लोक हसले, तरी तिनं निविदा काढली.

पाडव्याला माणसं राहायला गेली. वैशाखात फळ्या पिळवटल्या. दारं लागेनात, भिंतींच्या फटींतून हात आरपार जाऊ लागला. आठही घरं पोराबाळांसकट पुन्हा शाळेच्या खोल्यांत.

ठेकेदार मोरजकरनं ओलं लाकूड माथी मारलं, असं ती तालुक्यापर्यंत ओरडून आली. तिथं तिच्यापुढे निविदाच उघडून ठेवली. अट तिचीच होती : लाकूड वर्षभर खाडीत मुरवलेलं असावं. मोरजकरनं खाडीतून काढलं आणि ठोकलं. अटीबाहेर त्यानं काय केलं?

तिनं पिशवीतून चौकशीचा कागद काढला. ‘जबाबदार व्यक्ती’ हा रकाना कोरा होता. उद्या तो कोरा दिसला तर सरपंचाचंच नाव धरू, असं चौकशीचे साहेब बजावून गेले होते. मग खुर्ची गेलीच.

“तुम्ही नुसतं सांगा, लाकूड खराब होतं. तुमचा शब्द कोण मोडतो? मोरजकरचं नाव घालते.”

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला.

“खाडीची अट कुणी सांगितली तुला?”

“तुम्हीच. इथंच. खाऱ्या चिखलात वर्षभर पुरलं की कीड लागत नाही म्हणालात.”

“पुढं?”

“पुढं काय? पुढं तुम्ही काही बोललाच नाहीत.”

“गलबताला तेवढं पुरतं, बाय. ते पाण्यातच राहतं. घराचं लाकूड वर काढून सावलीत रचायचं. फळीफळीत वारा खेळेल असं. आणखी एक वर्ष वाळवायचं.”

शेवंताचा चेहरा उतरला. मग लगेच तापला.

“हे आता सांगता?”

“तेव्हाच सांगणार होतो. तू उठलीस.”

तिला आठवलं. निविदा पाठवायची मुदत त्याच दिवशी संपत होती, तालुक्याहून फोनवर फोन येत होते. कळलं, कळलं, म्हणत ती निघाली होती. नंतरच्या गुरुवारी तो विषय तिनं काढलाच नव्हता.

“तू चपला घालत होतीस. मी बघत होतो.”

“मग हाक का नाही मारलीत? तोंडाला कुलूप होतं?”

खालून खाडीच्या ओहोटीचा वास येत होता. बाबांनी कातरलेली सुपारी एका बाजूला सारली.

“मनात म्हटलं… सरपंचीण झाली. आता ऐकायला वेळ नाही हिला. जाऊ दे. अडली की येईल पाया पडत.”

शेवंता त्यांच्याकडे बघत राहिली. शिवी तोंडापर्यंत आली होती. ती तिनं गिळली.

मग कागद मांडीवर घेतला. पेनाचं टोपण दातानं काढलं. ओठ घट्ट मिटून रकान्यात पहिलं अक्षर काढलं. ‘शे’.

बाबांनी त्यावर पंजा ठेवला. पेन तळहातात रुतलं, तरी काढला नाही.

“सोडा बाबा. माझंच आहे ते. उद्या खुर्ची जाते तर जाऊ दे.”

“तुझं तू नंतर बघ. आधी वरती लिही…”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“इब्राहीम अब्दुल्ला होडेकर.”