हिमस्रवेचे माहेर

कृतयुगातली गोष्ट, बरं का. देव अजून माणसांच्या पंगतीला बसत होते तेव्हाची. उत्तरेस, हिमवंताच्या पायथ्याशी हिमस्रवा नावाची नदी वाहत असे, आणि तिच्या वाटेवर लव्हाळ्यांनी झाकलेली, सारसांच्या क्रेंकाराने दुमदुमणारी, कोसभर रुंद अशी अनूपा नावाची दलदल पसरली होती. अनूपा ही नदीची आई. वर्षाकाळी उन्मत्त होऊन डोंगर उतरणारी लेक तिच्या मांडीवर डोके टेकी, चार मास विसावे, आणि मग शहाण्या सुनेसारखी समुद्राच्या घरी चालू लागे.

तिथला राजा वीतिधन्वा याने भूमीची वाटणी मांडली. शेताला इतकी, कुरणाला इतकी, वनाला इतकी; स्मशानही विसरला नाही. पण मापाचा दोर धरला तो ज्येष्ठात, नदी सुकून सुतासारखी झाली होती तेव्हा.

नलद ऋषींनी विचारले, "राजन्, अनूपेचा वाटा?"

"महर्षे, चिखल तो! बेडकांना का आंदण देऊ?"

सभा हसली. राजाने ती दलदल बुजवली, वर प्रासाद उभारला, आणि एकुलत्या लेकीला, शाद्वलेला, तोच लग्नात आंदण दिला.

"लेक दूर असता तिचे माहेर मोडलेस," ऋषी लग्नमंडपातून उठत म्हणाले. "ती आल्यावर काय सांगशील?"

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात शाद्वला माहेरी आली, त्या प्रासादात उतरली. पाठोपाठ हिमस्रवाही आली.

"बाई, माझी आई कुठे ग?"

शाद्वलेने जोत्याकडे पाहिले. "याच्याखाली."

"मला थांबता येत नाही ग. टेकायला जागाच उरली नाही. तू पळ!"

"मी पळाले तर तू खालच्या गावांत शिरशील. ये ताई, इथे टेक." उंबऱ्यावर बसून तिने मांडी पसरली. एका पोरीची मांडी ती, केवढी असणार!

राजा धावत आला, तो पाण्यावर तिचा हळदीचा शेला तेवढा तरंगत होता.

"देवी, मला शाप दे!"

"काय शाप देऊ, राजा? तुझी लेक गेली, माझी आई गेली. पण आता मला विसावा नाही. दर पावसाळ्यात मी तिला शोधणार, घरोघर विचारणार."

वीतिधन्व्याने मुकुट टाकला, प्रासाद पाडला, आणि जोते उकरता उकरता तो म्हातारा झाला. खणले तेवढ्यात पाणी साचले, लव्हाळे उगवले, सारसांची एक जोडी परतली. त्या तळ्याला शाद्वलाच म्हणतात. नदी अजून तिथे येते, डोके टेकते, क्षणभर निवते. मग मांडी अपुरी पडते, ती उठते, खालच्या गावांत शिरते, आणि जोत्याजोत्याला हात लावून विचारते, "आई, इथे आहेस का ग?"