मापाबाहेरची मूठ

“होडी विकून टाकावी म्हणतो. पण सोणकाला इतक्यात सांगू नकोस.”

कुडाच्या भिंतीपलीकडून हे शब्द आले, तेव्हा घरची नवी सून उत्पला चुलीतली राख पाटीत भरत होती. बोलणारा तिचा सासरा गोपक, ऐकणारी सासू भद्रा. सोणक तिचा नवरा. तिने पाटी आवाज न करता उचलली.

ही फार पूर्वीची गोष्ट. वेणुमतीकाठच्या नगरात एक राजा राज्य करीत होता आणि त्या जन्मी बोधिसत्त्व स्त्रीदेह धारण करून या नावाड्याच्या घरी सून म्हणून नांदत होते. उत्पला ती हीच.

पावसाळ्याचे चार महिने नदी दुथडी वाहे. लोक होडीने उतरत आणि उतराईचे तांदूळ देत. उरलेले आठ महिने पाणी गुडघाभर. तेच लोक धोतर खोचून चालत जात, वर गोपकाची खुशालीही विचारीत. म्हणून घरात तांदळाचे आठ रांजण होते, महिन्याला एक. तरी दर वर्षी फाल्गुनातच शेवटच्या रांजणाचा तळ दिसे, आणि पुढच्या खेपेस गोपक मापाची करवंटी आणखी लहान घेई. नवल असे, की करवंटी जितकी लहान, तितके रांजण लवकर रिकामे होत.

हे असे का, याचे उत्पलाला मोठे कुतूहल वाटले. कोणाला काही न विचारता ती रोज रांजणातला तांदूळ हाताने सपाट करी, त्यावर बोटाने रेघ ओढी आणि रेघ केव्हा मोडते ते पाही. सासू परटिणीच्या हाती लेकीकडे पुडी धाडी. सासरा ताडीवाल्याकडे जाताना मूठ नेई. सोणक पोपटाच्या नावाने घेई, पण पोपट काही लठ्ठ होत नव्हता.

या तिन्ही मुठी धरल्या तरी रोज एक मूठ कमीच भरे. चौथा कोण? उंदीर म्हणावा तर लेंडी कुठे दिसत नव्हती. तीन दिवस तिने डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. चौथ्या दिवशी घर झाडता झाडता तिच्या ध्यानात आले, की आपले तोंड हलते आहे. तोंडात कच्चे तांदूळ होते. माहेरची सवय. हात आपणहून रांजणात जात होता.

त्याच दुपारी जेवताना गोपकाने नवी करवंटी पुढे ठेवली. पोराच्या मुठीएवढी. “या वर्षी तरी पुरलं पाहिजे. नाहीतर...”

गप्प राहणे सोपे होते. शहाणी सून म्हणून नाव झाले असते आणि होडी गेली असती. लग्नानंतर पहिल्यांदाच उत्पला सर्वांसमोर बोलली.

घास हातातच राहिले.

“अगं बाई, तू पण?” भद्रा म्हणाली.

“तू पण म्हणजे? आणखी कोण?” गोपकाने विचारले.

“ताडी काय फुकट मिळते वाटतं?”

सोणक खाली मान घालून म्हणाला, “पोपट हल्ली फार खातो.” मग सगळेच हसले.

करवंटी जितकी लहान, तितक्या चोरून घेतलेल्या मुठी मोठ्या होत, हे उघड झाले आणि ती बाजूला पडली. चौघांच्या चार मुठी धरून रोज खरोखर किती लागते ते त्यांनी मोजले. उरलेले सात रांजण अर्ध्या वैशाखातच संपणार होते.

“म्हणजे कमीच पडणार,” गोपक म्हणाला.

“पडणार. पण बाबा, अजून मार्गशीर्षच आहे,” सोणक म्हणाला.

नदीचे पाणी ओसरून वाळू उघडी पडत होती. त्यांनी वाळूत आळी करून वाळके आणि टरबुजे लावली. उन्हाळ्यात पायी नदी ओलांडणारे तहानलेले लोक तीच घेऊ लागले, आणि बदल्यात तांदूळ देऊ लागले. आषाढात गोपकाने आपली होडी पुन्हा पाण्यात ढकलली.

विहारात भिक्षूंना ही कथा सांगून संपवल्यावर शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा गोपक म्हणजे आज विहाराचे कोठार सांभाळणारा भिक्षू. भद्रा म्हणजे रोज दान घेऊन येणारी वृद्ध उपासिका. सोणक म्हणजे मघापासून चीवराआड हसणारा हा भिक्षू. आणि सून मीच होतो. त्या जन्मी मी सत्य पारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, जोपासली.”

“पण भगवन्, ती बोलली तरी काय?” कोठारी भिक्षूला राहवेना.

शास्ता म्हणाले, “ती म्हणाली, ‘मामंजी, माप आणखी लहान करू नका. रोज एक मूठ कच्चे तांदूळ मी खाते. उद्याही खाईन. तेवढे आधीच धरा.’”