गणपतीखालचा निळा

"मग चुकलं कुठं, ते तरी सांगा."

धैर्यशील उभाच होता. हातात तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा, त्यावर कालच मारलेला निळा रंग. बाबालाल उस्ताद पाटावर बसून चहा पीत होते. त्यांनी तुकड्याकडं बघितलं आणि आधी चहा संपवला.

मी शेजारच्या गाळ्यात सीटा शिवतो. कोल्हापुरातली जुनी गाडी रंगाला बाबालाल शिकलगारांकडं आली, की सीटांसाठी माझ्याकडं येते. त्यामुळं हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे, ऐकीव काही नाही.

धैर्यशील हा उस्तादांचा पठ्ठ्या. सहा वर्षं शिकला, हात चांगला बसला. पण पुण्याहून रंग जुळवायचं मशीन घेऊन आला, आणि तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागेनात. मशीन जुन्या रंगावर टेकवायचं, ते आकडा सांगतं, त्या आकड्यानं रंग कालवायचा. झालं.

गाडी इंगवले डॉक्टरांची. सहासष्ट सालची फियाट. डॉक्टर गेले, मुलानं गाडी बाहेरून पांढरी मारून घेतली आणि शेडमध्ये लावून टाकली. आता डॉक्टरीणबाईंना काचबिंदू झालाय. कडेचं सगळं गेलंय, समोर वाटीएवढं तेवढं दिसतं. दिवाळीपर्यंत तेही राहील का, डोळ्यांचे डॉक्टर सांगत नाहीत. त्याआधी एकदा गाडी पहिल्या निळ्या रंगात बघायची, एवढंच बाईंचं म्हणणं.

"रंग उचललास कुठनं?" उस्तादांनी विचारलं.

"डॅशबोर्डवरनं. तो पत्र्याचाच आहे, बॉडीच्या रंगाचा, आणि त्याला नंतर कुणी हात लावला नाही. वर गणपती चिकटवलेला होता. दोरा घालून अलगद काढला. त्याच्या खाली ऊन कधी गेलंच नसणार. म्हणजे तिथं रंग कोरा." एवढं सांगताना गडी जरा फुललाच.

"गणपतीला बाई काय करायच्या?"

"काय म्हणजे... हळदकुंकू, फूल, उदबत्ती. सगळेच करतात."

"किती वर्षं?"

"डॉक्टर होते तोवर. तीस तरी."

"निळ्यात हळद झिरपली की काय होतं?"

धैर्यशीलनं तुकडा उन्हात धरला. निळ्याला हिरवी झाक होती. बारीकच, पण होती. त्याचे कान लाल झाले. मला हसू आलं, मी खाली मान घालून दोरा ओवत बसलो.

तो तुकडा त्यानं भंगाराच्या डब्यात टाकला आणि कामाला लागला. डिकीच्या झाकणाचं रबर काढलं. त्याच्याखाली दोन बोटं रुंदीची पट्टी मिळाली, ना ऊन ना हळद. दोन दिवस कालवत बसला. मशीननं एकदा, डोळ्यानं दहादा. तिसऱ्या दिवशी नवा तुकडा पट्टीवर ठेवला, तर कडा कुठं संपते कळेना.

उस्तादांनी बघितलं. "हा कंपनीचा," ते म्हणाले. पोरगं दिवसभर शीळ घालत होतं.

संध्याकाळी उस्तादांनी भंगाराच्या डब्यात हात घातला, तो पहिला तुकडा काढला, फडक्यानं पुसला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मी विचारलं नाही. विचारून ते कुठं सांगतात?

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. रिक्षातून उतरताना उस्तादांनी हात दिला. धैर्यशीलनं तुकडा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

बाईंनी मान हळूहळू फिरवून बघितला. एकदा... परत एकदा.

"छान आहे रे," त्या म्हणाल्या. "पण ही आमची गाडी नाही."

"काकू, कंपनीचाच आहे. डिकीच्या रबराखालचा. मशीनवर बघा तर."

"तुझं खरं असेल, बाळ. मलाच आता नीट दिसत नाही." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "उशीर केला मी. राहू दे. मार तोच, चांगला आहे."

धैर्यशील काही बोलणार होता. उस्तादांनी हात वर केला.

गाडी नुसता सांगाडा होती. सीटा माझ्याकडं, दारं भिंतीला टेकलेली. उस्तादांनी आपला पाट उचलला, झटकला, आणि गाडीत डाव्या बाजूला ठेवला.

"डॉक्टरीणबाई, बसा."

"इथं?"

"डॉक्टरांबरोबर गडहिंग्लजच्या बाजूला कुणाच्या बाळंतपणाला निघायचं झालं, तर तुम्ही कुठं बसायच्या?"

बाई हसल्या. वाकून आत गेल्या, पाटावर बसल्या. गुडघ्यांवर हात ठेवले. समोर डॅशबोर्ड, त्यावर गणपतीची मोकळी जागा.

उस्तादांनी खिशातला तुकडा काढला आणि त्या जागी ठेवला.



बाईंचा उजवा हात उठला. अनामिका पुढं गेली, तुकड्यावर टेकली, आणि मग सवयीनं आपल्या कपाळाला लागली.

"चाक फिरवायच्या आधी हे थांबायचे," त्या म्हणाल्या. "मी गणपतीला हळदकुंकू लावल्याशिवाय गाडी सुरू करायचे नाहीत. कुणाची बायको अडली असली तरी. म्हणायचे, लाव लवकर, तिकडं पोर वाट बघतंय..."

त्या रडल्या. मीही सुई खाली ठेवली. खोटं कशाला सांगू, माझ्याच्यानं तेव्हा शिवणं झालं नसतं.

"हाच, बाबालाल," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "सगळ्या गाडीला हाच लावा."

"लावतो."

बाई गेल्या. धैर्यशील दोन्ही तुकडे हातात घेऊन उभा. चिडला नव्हता, पण पार गोंधळून गेला होता.

"उस्ताद, तुम्हीच म्हणालात ना, यात हळद उतरलीय. हा रंग या गाडीला कधी नव्हताच."

उस्ताद वाकून पाट गाडीतून बाहेर काढत होते.

"गणपती कुठं ठेवलास?"

"नटबोल्टच्या डब्यात."

"काढ. फडक्यात गुंडाळून ठेव."

त्यानं ठेवला. परत येऊन उभा राहिला.

"पण उस्ताद, कंपनीनं तर..."

"कंपनीनं एक दिवस रंगवली," उस्ताद म्हणाले. "पुढं तीस वर्षं रोज कोण रंगवत होतं?"